रीपर: गाडी कुठे अडली ते दाखवणारं सॉफ्टवेअर

अहिराणी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांची खरी धांदल वर्षातून दोनदा: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आणि श्रावणात कानबाईच्या सणाआधी. श्रावणाचं ठीक आहे. आखाजीची गाणी मात्र भर उन्हाळ्यात करावी लागतात, आणि जळगावचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्यात माझी खोली गच्चीवरची. माईक चालू करायचा तर कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. तशात मावशीने चांगला सूर पकडलेला असताना स्क्रीन पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, आणि मावशी पदराने घाम पुसत विचारतात, "काय व्हयनं रे भाऊ?" काय सांगणार?

आधी वापरत होतो त्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. ते हँग व्हायचं आणि का हँग झालं याचा पत्ता लागू द्यायचं नाही. म्हणून रीपर या गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरवर आलो. संगणकावर गाणी वाजवायचं जुनं विनअँप आठवतंय ना? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर, पहिली पक्की आवृत्ती २००६ ची. इन्स्टॉलर तीन-चार एमपीथ्री गाण्यांएवढा, त्यामुळे मोबाइलच्या नेटवरही चटकन उतरतो.

आता खरं सांगतो, रीपर घातलं म्हणून हँग थांबलं नाही. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर तेही अडकलं. फरक एवढाच की अडवणारा कोण ते त्याने दाखवलं. व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे. तो उघडला की कोणता ट्रॅक (प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी) किती सीपीयू, म्हणजे प्रोसेसरची ताकद, खातोय ते ओळीने दिसतं. माझ्याकडे ढोलकी, झांज, कोरस सगळे गुण्यागोविंदाने बसलेले आणि एकटा मुख्य गळ्याचा ट्रॅक निम्म्याहून जास्त खात होता. त्या ट्रॅकवर फार पूर्वी कुठूनतरी उतरवलेला फुकटचा ३२ बिटचा रिव्हर्ब होता, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम). ६४ बिटच्या रीपरमध्ये असे जुने प्लगइन मधे पूल घालून चालवावे लागतात. चालतात, पण कुरकुरत. तो काढून रीपरसोबत येणारा रिव्हर्ब लावला. दिसायला अगदीच साधा, पण काम करतो.

ज्यांना एखादा जुना प्लगइन सोडवत नाही त्यांनी त्यावर राइट क्लिक करून 'रन अॅज'मध्ये वेगळ्या प्रोसेसचा पर्याय निवडावा. मग कोसळला तर तो एकटा कोसळतो, गाणं शाबूत राहतं. आणि प्रोजेक्ट उघडतानाच सगळं गोठत असेल तर उघडायच्या खिडकीत रिकव्हरी मोडची खूण आहे. ती केली की सगळे इफेक्ट बंद ठेवून प्रोजेक्ट उघडतो. मग एकेक चालू करत जायचं, चोर सापडतो. ही एक सोय मला पैसे वसूल वाटली.

दुसरी गोष्ट बफरची, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी थोडा थोडा साठवायच्या जागेची. ती जितकी मोठी तितका आवाजाला उशीर. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे साडेअकरा-बारा. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून यायला नको म्हणून बफर कमी ठेवतात, पण त्यात सीपीयूला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. मी गाताना १२८ ठेवतो आणि मिक्सला बसलो की १०२४. आणखी एक: रेकॉर्डसाठी लाल केलेल्या ट्रॅकवरचे इफेक्ट रीपरला त्या क्षणीच करावे लागतात, बाकीच्यांचं काम ते आधीच करून ठेवतं. तेव्हा टेक झाला की लाल बटण बंद करा. ड्रायव्हरही इंटरफेसचा (माईक लॅपटॉपला जोडायच्या डबीचा) स्वतःचा एसियोच हवा, म्हणजे आवाज कमी उशिरात नेणारा.

एवढं करून सकाळी सगळं मख्खन आणि दुपारी तेच गाणं, तेच ट्रॅक, पुन्हा कडकड आवाज आणि ठप्प. मीटरवर लोड दुप्पट. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर प्रोसेसरचा वेगच निम्म्यावर आलेला. म्हणजे लॅपटॉप तापून स्वतःच हळू होत होता. गोलाणी मार्केटमधल्या एका कारागिराकडे नेला. त्याने मागचं झाकण काढलं तर पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे करड्या धुळीचा जाड थर, त्यात पांढरी रुई गुंतलेली. आमच्या घरामागे जिनिंग आहे. चिमट्याने रुई धरून ओढली तर धुळीचा अख्खा थरच बाहेर आला. नवी थर्मल पेस्ट लावली, आणि आता मी दोन टेकच्या मधे कूलर चालू करतो. यात रीपरचं श्रेय नाही, पण मीटर नसता तर मी अजून प्लगइनच उपसत बसलो असतो.

उरलीसुरली कडकड वायफायची निघाली. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर आवाजाच्या वाटेत येतोय ते सांगतं. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवलं की झालं. प्रोजेक्टचं फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असेल तर तेही थांबवा.

तक्रारी आहेतच. पहिल्यांदा उघडलं की हे कारखान्याच्या पॅनेलसारखं अंगावर येतं. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू, अक्षरं बारीक. माहितीपुस्तिका चारशेहून जास्त पानांची, इंग्रजीत. थीम बदलून रूप सुधारतं, मेनू मात्र तेवढेच राहतात. घाईत असलेल्याने लग्नसराईच्या तोंडावर याच्या वाटेला जाऊ नये. पावसाळ्यात निवांत शिकावं.

किमतीचं बोलायचं तर ६० दिवस सगळं फुकट, काहीही कापलेलं नाही. नंतरही ते बंद पडत नाही, उघडताना फक्त पैशांची आठवण करून देतं. म्हणून वर्षानुवर्षं तसंच वापरणारे आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि त्यांचं मला पटत नाही. छोट्या कामाचं लायसन्स ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वर. एका गाण्याच्या मिक्सिंगला लोक तेवढे मागतात. सातव्या आवृत्तीला घेतलेलं लायसन्स आठवी संपेपर्यंत चालतं.

सोबत तयार वाद्यं जवळजवळ नाहीतच. ढोलकी, संबळ विसराच. अशा वाद्यांच्या आवाजाचे तयार नमुने हवे असतील तर वेगळे विकत घ्यावे लागतील. मी घेतले नाहीत, वाजवणारा पोरगा दोन गल्ल्या सोडून राहतो.