रडार डिटेक्टर, आठ महिने वापरून: साडेतेरा हजारांची टिवटिव

परवा बीडच्या बायपासला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. वेग पन्नासच्या आतबाहेर, पट्टा लावलेला, काचेवरचं डबडं, म्हणजे पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ आलं की ओरडणारा डिटेक्टर, गप्प. मी निवांत. त्याने मशीनमध्ये नंबर टाकला आणि म्हणाला, "साहेब, तीन पेंडिंग हायत. सहा हजार." तिन्ही चलनं वेगाची. तिन्ही तारखा दिवाळीनंतरच्या, म्हणजे डबडं लावल्यानंतरच्या. तिथंच ठरवलं की आज रात्री बसून हे लिहायचं.

मी अंबाजोगाईचा. ठिबक आणि पाइपांचा धंदा, त्यामुळे आठवड्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगरची खेप ठरलेली. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड, आडूळ. बीडपासून पुढे चौपदरी, सकाळी सहाला निघालं की रस्ता रिकामा आणि पाय आपोआप दाबला जातो. मागच्या वर्षी दोनदा इंटरसेप्टरवाल्यांनी (वेग मोजणारी पोलिसांची गाडी) थांबवलं, दोन्ही वेळेस दोन हजार जागेवर भरले. तेवढ्यात मेव्हण्याचा टेक्सासहून फोन आला. "भावजी, इथं प्रत्येकाच्या गाडीत असतो. पोलीस दीड किलोमीटरवर असला तरी ओरडतो." झालं. बाहेरून माल आणून विकणारा एक जण ऑनलाइन सापडला, साडेतेरा हजार मोजले, दिवाळीच्या पाडव्याला डबडं काचेवर चढलं.

कोणते बँड (रडारच्या लहरींचे पट्टे) पकडतं, किती फुटांवरून पकडतं, हे विकणाऱ्यांच्या पानावर सगळं आहे, ते उगाळत नाही. मला आधी त्या सक्शन कपांबद्दल बोलायचंय.

साडेतेरा हजारांच्या वस्तूला काचेवर धरून ठेवायला दोन रबरी कप दिलेत. आठ आण्याच्या नाण्याएवढे. थंडीत ठीक होतं. फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाने काच तापायला लागली आणि डबडं दर तासाला खाली. आधी कप गरम पाण्याने धुऊन पाहिले, मग थुंकी लावून, मग काच स्पिरिटने पुसून. एप्रिलात मांजरसुंब्याला रबडी घ्यायला थांबलो, वीस मिनिटं गाडी उन्हात. परत येऊन दार लावलं तर दाराच्या धक्क्याने डबडं सुटलं ते थेट बायकोच्या मांडीवरल्या रबडीच्या डब्यात. ती काही बोलली नाही. रुमालाने पुसून माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. वायरच्या सांध्यात अजून साय आहे.

विकणाऱ्याला मेसेज केला. अकरा दिवसांनी उत्तर: कप वॉरंटीत येत नाहीत, ते झिजणारं सामान आहे, नवीन जोडी ८५० रुपये. अरे, रबराचे दोन कप! आमच्या दुकानात ठिबकचे ग्रोमेट शेकड्याने येतात, रबराचा भाव मला कोण शिकवणार? पण मापाचे दुसरे मिळेनात, म्हणून चडफडत पैसे पाठवले.

आता खरा अनुभव. पहिले दोन महिने मी खूश होतो हे कबूल करतो. एकदाही कुणी थांबवलं नाही, मोबाईलवर चलनाचा एकही मेसेज नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी चार दिले असते, एक कपांचा कापून. दोन-चार मित्रांना शिफारसही केली. त्यांनी घेतला नाही हे माझं नशीब, नाहीतर आज तोंड लपवावं लागलं असतं.

आवाजाचा वैताग मात्र पहिल्या दिवसापासून. हे यंत्र २४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा के बँड ऐकतं. त्याच पट्ट्यात दुकानांचे आपोआप उघडणारे काचेचे दरवाजे चालतात, आणि काही गाड्यांच्या बाजूची वाहनं दाखवणारे सेन्सरही. त्यामुळे संभाजीनगरात जालना रोडला लागलं की अखंड टिवटिव. हायवेला एखादी मोठी नवी गाडी ओव्हरटेक करून पुढे गेली की ती दिसेनाशी होईपर्यंत हे कोकलतंय. मामी एकदा मागे बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "कामून ओरडायलंय हे? पेट्रोल संपलं का?" सेटिंगमध्ये के बँड बंद करता येतो. मग मागे राहतो तो केए बँड, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ. आणि तो आपल्या रस्त्यावर आठ महिन्यांत एकदाही वाजला नाही.

मेव्हणा खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे पोलीस चालत्या गाडीतून रडार सोडतात. रडारची लहर पसरट असते, पुढच्या वाहनांवर, फलकांवर आपटून लांबपर्यंत जाते, म्हणून ती आपल्यापर्यंत आधी पोचते आणि यंत्राला सावध करायला वेळ मिळतो. (तिथंही सगळीकडे चालत नाही. व्हर्जिनियात बंदी आहे, त्या बाजूला गेला की तो डबडं काढून ठेवतो. हे त्याने मी पैसे भरल्यावर सांगितलं.) आपल्याकडे मला जो भेटला तो रडारवाला नव्हताच, तिपाईवर लेझर गन लावलेला होता.

मार्चमध्ये आडूळच्या अलीकडे पुलाच्या सावलीत इंटरसेप्टर उभी. डबडं एकदम किंचाळलं, "लेझर!" मी ब्रेक मारला. काटा १०४ वरून ८५ वर आला, त्यांच्या समोरून मी सभ्य माणसासारखा गेलो, कुणी हात केला नाही. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "पाहिलंस? वसूल झाले पैसे." परवा हवालदाराने सांगितलेल्या तीन चलनांपैकी पहिलं त्याच सकाळचं निघालं. फोटो उघडून पाहिला, वेग १०४, आणि काचेवर डबड्याचा काळा चौकोन स्पष्ट दिसतोय.

कारण साधं आहे. लेझरचा झोत तीनशे मीटरवरसुद्धा जेमतेम मीटरभर रुंद असतो. तो नेम धरून तुमच्या नंबर प्लेटवर मारतात आणि अर्ध्या सेकंदाच्या आत आकडा घेऊन मोकळे होतात. आजूबाजूला सांडत नाही, त्यामुळे आधी कळायचा प्रश्नच नाही. डबडं वाजतं ते झोत तुमच्यावर पडल्यावर, म्हणजे मोजून झाल्यावर. फटाका फुटल्यावर "कान झाका" म्हणण्यासारखं.

दुसरं चलन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं, भाच्याच्या लग्नाला गेलो तेव्हाचं. तिथं २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे, आणि दोन कमानींमध्ये किती वेळ लागला त्यावरून सरासरी वेगही काढतात. नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याने हवेत काही सोडलेलंच नसतं, तर हे यंत्र ऐकणार काय! पूर्ण रस्ता ते गप्प होतं आणि मी त्या गप्प राहण्याला रस्ता साफ असल्याची खूण समजत होतो. तिसरं चलन गेवराईजवळचं, त्या दिवशी डबडं पायाशी पडलेलं होतं. ते चलन मी कपांच्या खात्यावर मांडतो. बायको म्हणते, वर असतं तरी काय केलं असतं? असो.

मग मेसेज का आले नाहीत? गाडीच्या नोंदीत मोबाईल नंबर माझा नाहीच, गाडी पासिंग करणाऱ्या एजंटचा आहे. आठ महिने माझ्या चलनांचे मेसेज तो वाचत होता, किंवा वाचतही नसेल. मी मात्र ती शांतता यंत्राच्या नावावर जमा केली. परिवहनच्या साइटवर आधार टाकून नंबर बदलता येतो, दहा मिनिटांचं काम. हे वाचून दुसरं काही केलं नाही तरी चालेल, आपला नंबर तेवढा तपासा. राज्याच्या ई-चलनच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की सगळं समोर येतं, फोटोसकट.

आता एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या प्रत्येक कारमध्ये वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ८० ओलांडले की अधूनमधून टिक, १२० ओलांडले की सतत. माझ्या गाडीतही होता. नवी गाडी आणल्यावर महिनाभरात त्या आवाजाने डोकं उठलं, म्हणून मेस्त्रीला पाचशे रुपये देऊन तो बंद करून घेतला होता. म्हणजे वेळेवर वाजणारी टिकटिक पैसे देऊन बंद केली आणि उशिरा वाजणारी साडेतेरा हजार देऊन आणली. हा हिशोब मुलाने जेवताना सगळ्यांसमोर मांडला.

दुसरा हिशोब माझा. बीड ते संभाजीनगर साधारण १३० किलोमीटर. शंभरने गेलं तर सव्वा तासाच्या थोडं वर, पंच्याऐंशीने गेलं तर दीड तास. चौदा-पंधरा मिनिटं वाचतात, जी मी आडूळला चहाला घालवतो. २०१८ च्या अधिसूचनेत केंद्राने कारसाठी कमाल मर्यादा चौपदरीला १००, द्रुतगतीला १२० ठेवली होती. पण फलकावर कमी आकडा असेल तर तोच खरा, आणि केंद्राचा शंभरचा आकडा तोंडपाठ असलेल्या माझ्यासारख्यांचंच चलन फाटतं. डबडं आणि कप मिळून १४,३५० गेले, म्हणजे सात चलनांचे पैसे आगाऊ भरले आणि वर तीन फाडली.

सध्या मोबाईलवर गूगल मॅप्स लावतो. ते वेग दाखवतं आणि बऱ्याच ठिकाणी कॅमेरा यायच्या आधी बोलतं, फुकट. मेस्त्रीकडे जाऊन टिकटिक पुन्हा चालू करून घेतली, त्याने परत पाचशे घेतले आणि हसला. डबडं ड्रॉवरमध्ये आहे. मेव्हणा दिवाळीला येणार आहे, त्याला म्हटलं घेऊन जा. तो म्हणतो, आता त्याच्याकडे नवीन मॉडेल आहे.

काल कुरिअर आला. सक्शन कपांची नवी जोडी. कुरिअरचे १२० वेगळे घेतले.