जनगणना २०११ ची आकडेवारी: आपला परिसर समजून घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षण

भारताच्या २०११ च्या जनगणनेचे तक्ते महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. इतक्या वर्षांनी या सेवेचे परीक्षण लिहिण्याचे कारण असे की, २०२१ ची नियोजित जनगणना कोविडमुळे लांबली आणि पुढच्या गणनेसाठी आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. त्या गणनेचे गावपातळीवरचे आकडे हाती येईपर्यंत ग्रामपंचायत, स्वयंसेवी संस्था, पत्रकार किंवा संशोधक विद्यार्थी यांपैकी कोणालाही घरोघर जाऊन मोजलेली आणि गावागावांत तुलना करता येईल अशी माहिती हवी असेल, तर तिचा मुख्य आधार हे तक्तेच राहणार आहेत. माझे मत आरंभीच नोंदवतो. गोषवाऱ्यातला एखादा आकडा उचलून पुढे जाणाऱ्याच्या हाती या सेवेतून चुकीचे चित्र पडण्याचा संभव मोठा आहे. मात्र आधी व्याख्या वाचून मग तक्ता उघडणाऱ्याला एखाद्या समाजाविषयी जेवढे कळू शकते, तेवढे नमुना सर्वेक्षणांतून सहसा कळत नाही.

ही गणना दोन टप्प्यांत झाली. एप्रिल ते सप्टेंबर २०१० या काळात घरयादी झाली आणि तिच्यात ३५ प्रश्न होते. त्यानंतर ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत प्रत्यक्ष लोकसंख्येची मोजणी झाली आणि तिच्यात २९ प्रश्न होते. तक्त्यांची वर्गवारी अक्षरांनी केलेली आहे: 'ए' मालिकेत सर्वसाधारण लोकसंख्या, 'बी'मध्ये काम आणि कामगार, 'सी'मध्ये वय, धर्म, भाषा, शिक्षण, 'डी'मध्ये स्थलांतर, 'एफ'मध्ये जननविषयक माहिती आणि 'एच'मध्ये घरे व सोयी. बहुतेक लोक यांतला फक्त प्राथमिक जनगणना गोषवारा उघडतात. त्यात प्रत्येक गाव आणि शहरातला प्रत्येक प्रभाग येतो, म्हणून सुरुवातीसाठी तो योग्यच आहे. पण तिथेच थांबणे हे या सेवेचा निम्म्याहून कमी उपयोग करून घेणे होय.

गोषवारा वाचताना होणारी सर्वांत सामान्य चूक साक्षरतेची आहे. गोषवाऱ्यात एकूण लोकसंख्या आणि साक्षरांची संख्या शेजारच्या स्तंभांत असल्यामुळे एकीला दुसरीने भागण्याचा मोह होतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षे व त्यावरील वयाची, कोणतीही भाषा समजून वाचू आणि लिहू शकणारी व्यक्ती साक्षर ठरते, त्यामुळे भाजकातून ० ते ६ वयाची मुले वजा करावी लागतात. महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण या रीतीने ८२.३४ टक्के येते; मुले वजा न करता भागाकार केला तर तेच साडेबहात्तर टक्क्यांच्या आसपास उतरते. ज्या आदिवासी वस्त्यांत लहान मुलांचे प्रमाण जास्त आहे, तिथे ही चूक अधिक मोठी होते आणि तो समाज आहे त्याहून निरक्षर दिसू लागतो. एखाद्या योजनेचा प्रस्ताव किंवा वृत्तलेख अशा आकड्यावर उभा राहिला, तर त्याचा परिणाम प्रत्यक्ष माणसांच्या प्रतिमेवर होतो, म्हणून हा मुद्दा मला किरकोळ वाटत नाही.

दुसरी दक्षता हंगामी (म्हणजे तात्पुरत्या) आणि अंतिम आकड्यांबाबत घ्यावी लागते. मार्च २०११ च्या अखेरीस जे हंगामी आकडे जाहीर झाले, त्यांत महाराष्ट्राचे ० ते ६ वयोगटातील स्त्री-पुरुष प्रमाण हजार मुलग्यांमागे ८८३ मुली असे होते आणि बीड जिल्ह्याचे ८०१. अंतिम आकड्यांत ते अनुक्रमे ८९४ आणि ८०७ झाले. २००१ मध्ये राज्याचे प्रमाण ९१३ आणि बीडचे ८९४ होते, तेव्हा घसरण गंभीर होती याबद्दल शंका उरत नाही. तरीही हंगामी आकडे अजून अनेक लेखांत आणि अहवालांत तसेच पुढे चालत येतात, आणि दोन वेगळ्या स्रोतांतले आकडे शेजारी ठेवले की नसलेले चढ-उतार दिसतात. हेच प्रमाण गावपातळीवर काढताना तर फारच जपून राहावे. एखाद्या वाडीत सहा वर्षांपर्यंतची ४० मुले असतील आणि त्यांत १८ मुली असतील, तर प्रमाण ८१८ येईल. मुली २० असत्या तर ते थेट १,००० झाले असते. दोन मुलींच्या फरकावरून एखाद्या गावाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. तालुका किंवा निदान गावांचा समूह घेतल्याशिवाय हे प्रमाण वापरू नये.

खरा लाभ एकाहून अधिक तक्ते एकत्र वाचताना होतो. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा एकच आकडा पाहून या जिल्ह्यात स्त्रियांची स्थिती विशेष चांगली असावी असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. परंतु त्याच जिल्ह्यातले लहान मुलांचे प्रमाण पाहिले तर ते हजाराच्या खाली आहे, म्हणजे जन्मणाऱ्या मुलींची संख्या जास्त नाही. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधल्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. आता वयोगटांचा 'सी-१४' तक्ता समोर घ्यावा आणि कमावत्या वयाच्या पुरुषांची संख्या स्त्रियांच्या संख्येशी ताडून पाहावी; मग मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२ आणि मुंबई उपनगराचे ८६० हे प्रमाण पाहावे. कोकणातल्या घरात मागे राहिलेल्या स्त्रिया, वृद्ध आणि मुले आणि शहरातल्या खोलीत राहणारे पुरुष ही एकाच कुटुंबाची दोन टोके आहेत, हे या तक्त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही एका आकड्यातून दिसत नाही. इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. 'डी' मालिकेत मोजणीच्या वेळी जो ज्या ठिकाणी सापडला, तो तिथे कुठून आला एवढेच नोंदलेले असते. गावातून कोण निघून गेले याचा हिशेब गावाच्या तक्त्यात मिळत नाही, तो जिथे ते पोहोचले तिथेच शोधावा लागतो.

स्थलांतराशी जोडलेली आणखी एक बाब मराठवाड्यात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जी व्यक्ती एकदाही आपल्या नेहमीच्या घरी नव्हती, तिची नोंद त्या घरी न होता ती जिथे होती तिथे होणे अपेक्षित असते. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा भर हंगाम. त्यामुळे ज्या गावांतून आणि तांड्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे जातात, तिथली लोकसंख्या, मुलांची संख्या आणि शेतमजुरांची संख्या तक्त्यात दिसते त्याहून पावसाळ्यात वेगळी असणार. शाळेची पटसंख्या किंवा रेशनकार्डांची संख्या यांच्याशी ही आकडेवारी जुळत नाही, तेव्हा एकाला खोटे ठरवण्याआधी मोजणी कोणत्या महिन्यात झाली हे पाहावे. मोजणीनंतर घेतलेल्या पडताळणी सर्वेक्षणातही दर हजारी सुमारे २३ व्यक्ती सुटल्याचा अंदाज निघाला होता, आणि तो जनगणना यंत्रणेने स्वतःच प्रसिद्ध केला आहे. स्वतःच्या त्रुटीचे माप जाहीर करणाऱ्या माहितीवर माझा विश्वास वाढतो.

समाजगटांच्या बाबतीत व्याख्येचे महत्त्व सर्वाधिक आहे, आणि महाराष्ट्राइतके ठळक उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९५१ मध्ये या राज्याच्या क्षेत्रात बौद्ध म्हणून नोंदलेले लोक अडीच हजारांच्या आसपास होते. ऑक्टोबर १९५६ मधल्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ही संख्या २७ लाखांच्या पुढे गेली, आणि २०११ मध्ये ती ६५ लाखांवर होती. एका समाजाने स्वतःची ओळख स्वतः सांगितली आणि ती प्रगणकाच्या वहीत उतरली, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कोणत्या दस्तऐवजात मिळेल असे मला वाटत नाही. पण याच काळातल्या अनुसूचित जातींच्या आकड्यांची मालिका सरळ वाचता येत नाही. धर्मांतरितांना त्या यादीत स्थान नसल्यामुळे १९८१ पर्यंत राज्यातले अनुसूचित जातींचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास दिसते आणि १९९१ मध्ये ते एकदम अकरा टक्क्यांवर जाते. १९९० मध्ये बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला, हे त्यामागचे मुख्य कारण. केवळ दोन दशकांची टक्केवारी शेजारी मांडून लोकसंख्यावाढीचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ठळकपणे लक्षात घ्यावे. २०११ साठी 'एससी-१४' या तक्त्यात अनुसूचित जातींची धर्मानुसार विभागणी मिळते, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याचा सामाजिक अभ्यास त्याशिवाय अपुरा राहील. इतर मागास वर्गांची स्वतंत्र संख्या मात्र या तक्त्यांत नाही. ती शोधत बसू नये.

भाषेचा 'सी-१६' तक्ता हा माझ्या मते या सगळ्या संग्रहातला सर्वांत दुर्लक्षित ऐवज आहे. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे तपासून गटांत मांडली जातात, आणि देशभरात दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेली नावे 'इतर'मध्ये जातात. त्यामुळे भाषेच्या मोठ्या शीर्षकाखाली काय दडले आहे हे उघडून पाहावे लागते. अहिराणी इथे खानदेशीखाली सापडते, मालवणी कोकणीखाली, आणि लमाणी किंवा बंजारी ही नावे हिंदीखाली. एखाद्या जिल्ह्यात हिंदी भाषकांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसली, तर ती बाहेरून आलेल्या लोकांची आहे असे समजण्यापूर्वी त्या शीर्षकाखालची उपनोंद वाचावी. ते लोक त्याच जिल्ह्यातल्या तांड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे असू शकतात. तांड्यावरच्या मुलांसाठी शाळेतली भाषा ठरवताना या तक्त्याचा उपयोग व्हायला हवा, आणि तो होत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

घरयादीचे तक्ते वापरायला सोपे आहेत: छप्पर कशाचे, पाणी कुठून, चूल कशावर, बँक खाते आहे का. महाराष्ट्रात त्या वेळी ५३ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय होते, ही स्थिती आता पुष्कळ बदलली आहे, त्यामुळे सोयींचे आकडे आजचे म्हणून कधीही उद्धृत करू नयेत. जिल्हा जनगणना पुस्तिकेतली ग्रामसूची मात्र आजही वाचण्याजोगी आहे. गावात एखादी सोय नसेल तर ती ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटरवर की त्याहून लांब आहे, हे तिच्यात अक्षरखुणेने दिलेले असते.

वापराच्या सोयीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. बहुतेक तक्ते एक्सेलमध्ये मिळतात, पण शीर्षके इंग्रजीत आहेत, स्तंभांची नावे संक्षिप्त आहेत आणि गावांची नावे रोमन लिपीत असल्यामुळे ती ओळखणे कठीण जाते. एकाच नावाची अनेक गावे असल्याने नावावर शोध घेऊ नये. प्रत्येक गावाला सहा अंकी स्थानसंकेतांक दिलेला आहे, तोच वापरावा. जिल्ह्यांच्या सीमा २०११ च्या आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झालेला पालघर या तक्त्यांत नाही. ठाण्याच्या १ कोटी १० लाखांत तो सामावलेला आहे, आणि त्याचे चित्र हवे असल्यास वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची बेरीज स्वतः करावी लागते. ती २९ लाख ९० हजारांच्या आसपास येते. व्यक्तीची किंवा कुटुंबाची नावे कुठेही मिळणार नाहीत, कारण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूळ नोंदी गोपनीय आहेत. ही मर्यादा मला आवश्यक वाटते, कारण तिच्याच भरवशावर लोक खरी उत्तरे देतात.

ज्यांना बाजारपेठेचा ताजा अंदाज हवा आहे, त्यांनी या आकडेवारीवर वेळ खर्च करू नये. ज्यांना एखाद्या तालुक्याची घडण, त्यातले समाज, भाषा, काम आणि घर सोडून जाण्याच्या वाटा समजून घ्यायच्या आहेत, त्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. ग्रामपंचायतींना आणि महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व भूगोल विभागांना एक विनंती आहे: २०२७ ची मोजणी होण्यापूर्वी आपल्या गावाचा २०११ चा संकेतांक, त्याखाली मोजल्या गेलेल्या वाड्या-वस्त्या आणि त्यानंतर झालेले सीमाबदल एका कागदावर लिहून ठेवावेत, म्हणजे नवे तक्ते येतील तेव्हा दोन्ही गणनांमधला फरक माणसांचा आहे की सीमेचा, हे ठरवता येईल.