जीएम कुठून वाचायचं: ऑपरेटिंग पॉइंट, एसी की डीसी स्वीप?

व्हीटीयूच्या (आमच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत लॅपटॉप घेऊन पोरं यायला लागतात. परवा खानापूरचा एक आला. "सर, जीएम आलं की! अडतीस पॉइंट सात." जीएम म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स, इनपुटचं व्होल्टेज हललं की आउटपुटचा करंट किती हलतो ते. समोर एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरचा एरर लॉग उघडा.

आकडा खोटा नव्हता. ट्रान्झिस्टरमधून १ मिलिअँपिअर, सिम्युलेटरने धरलेलं तापमान २७ अंश, म्हणजे थर्मल व्होल्टेज २५.८५ मिलिव्होल्ट, भागाकार ३८.७ मिलिसीमेन्स. (बेळगावात डिसेंबरच्या पहाटे १७ अंश असताना तेवढ्याच करंटला तो साडेतीन टक्क्यांनी वाढेल, ते सोडा.) पण त्याच्या एमिटरला १०० ओहमचा रेझिस्टर होता आणि बायपास कपॅसिटर नव्हता. त्यामुळे अख्ख्या स्टेजचं जीएम जेमतेम ७.९. लॉगमध्ये दिसतं ते ट्रान्झिस्टरचं जीएम, अँप्लिफायरचं नव्हे. म्हणून डॉट ओपी (ऑपरेटिंग पॉइंट काढणारी कमांड, लॉगमधला आकडा तिचाच) मी बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचे करंट आणि व्होल्टेज, नीट बसलाय का, एवढंच बघायला वापरतो. त्याला दहा सेकंद पुरतात.

अँप्लिफायरचा आकडा हवा असेल तर एसी अ‍ॅनालिसिस, म्हणजे छोट्या सिग्नलला प्रत्येक फ्रीक्वेन्सीवर सर्किट काय करतं ते बघणं; माझं मत सरळ त्यालाच. इनपुटला एसी १ द्यायचा आणि आउटपुटला डीसी व्होल्टेज सोर्स जोडायचा, आउटपुट एरवी ज्या व्होल्टेजवर बसतं तेवढ्याचा. दोन सप्लायचा ओटीए (व्होल्टेज घेऊन करंट देणारा अँप्लिफायर) असेल तर शून्य. हा सोर्स आउटपुटला हलू देत नाही, त्यामुळे सगळा सिग्नल करंट त्याच्यातून जातो आणि तो करंट म्हणजेच जीएम. पोरं नेमका हाच सोर्स विसरतात. आउटपुट मोकळं सोडून व्होल्टेज वाचलं तर हाती येतो गेन, त्यात आउटपुट रेझिस्टन्सही मिसळलेला. एसी १ म्हणजे १ व्होल्ट बघून क्लिपिंगची भीती नको. इथे सर्किट बायसभोवती सरळ रेषेसारखंच धरलेलं असतं.

एलएम १३७०० या ओटीए चिपला ५०० मायक्रोअँपिअर बायस करंट दिला की डेटाशीटप्रमाणे जीएम ९.६ मिलिसीमेन्सच्या आसपास यायला हवं. ग्राफवर मात्र उणे ४० डीबी दिसतं आणि पोरगं घाबरतं. अक्ष लिनिअर करा, ९.६ च्या जवळचा आकडा दिसेल. फेज १८० अंश दिसली तर बहुतेक करंटची दिशा उलटी मोजली जातेय.

डीसी स्वीपला सर्किट तेच, तो आउटपुटचा सोर्सही तसाच. इनपुट उणे १०० ते अधिक १०० मिलिव्होल्ट फिरवायचा आणि आउटपुट करंटचं डेरिव्हेटिव्ह काढायचं. एलटीस्पाइसमध्ये करंटला डी आणि कंस लावला की झालं. मधोमध टेकडी दिसते. साध्या डिफरन्शियल पेअरमध्ये इनपुट २५ मिलिव्होल्टने सरकला तरी जीएम पाचव्या भागाने घसरतं. एसी हे कधीच सांगणार नाही. गिटारच्या पेडलसाठी किंवा फिल्टरसाठी ओटीए वापरणार असाल तर मी आधी ही टेकडी बघेन, एसी नंतर. उलट फ्रीक्वेन्सी वाढल्यावर जीएम कुठे ढासळतं ते डीसीला कळत नाही.

ट्रान्झिएंटमध्ये (वेळेनुसार चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) १ मिलिव्होल्टची साइन देऊन शिखरं मोजणारेही आहेत. जमतं, पण टाइमस्टेप मोठी राहिली तर शिखरच चुकतं.

खानापूरच्या पोराने एसी लावली, ७.९ आलं. मग म्हणाला, "सर, ओपीचा आकडा मोठा होता, तोच लिहू का?"