फटाका मार्केटमधला डाव्या हाताचा शेवटचा स्टॉल : ५ पैकी साडेतीन

आमच्या संभाजीनगरात फटाके घेणारे दोनच प्रकारचे, एक धनत्रयोदशीलाच खोकंभर आणून ठेवणारे अन् दुसरे माझ्यासारखे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तीनला पोरगं डोकं खायला लागल्यावर निघणारे. त्यामुळं मी गेलो तेव्हा अर्धा माल संपलेला होता हे आधीच सांगतो, त्याचे मार्क कापलेले नाहीत.

स्टॉलचं नाव लिहीत नाही. तात्पुरत्या लायसनवाले हे, पुढच्या वर्षी त्याच जागी असतील कशावरून. गेटमधून शिरलं की डाव्या हाताची शेवटची पत्र्याची शेड एवढं ध्यानात ठेवा. पत्र्याची बघूनच गेलो मी. २०१६ ला ऐन नरक चतुर्दशीला औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचं फटाका मार्केट पेटलं तेव्हा मी गुलमंडीवर होतो, तो काळा धूर अजून डोळ्यापुढं येतो, तेव्हापासून फटाक्याच्या दुकानात गेलो की भाव विचारायच्या आधी पळायला वाट कुठंय ते बघतो. बायको हसते, हसू दे. नियम काही अवघड नाहीत, शेड न पेटणाऱ्या सामानाची पाहिजे, दोन शेडमध्ये कमीत कमी ३ मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० च्या वर दुकानं नकोत. इथं शेजारच्या शेडपर्यंत माझी चार पावलं भरली, म्हणजे अंतर बरोबर. पण त्याच मोकळ्या जागेत रिकाम्या खोक्यांचा ढीग रचलेला, मग जागा सोडून उपयोग काय राव! वर बल्ब वायरीला लोंबकळत होता, तो छताला पक्का बसवलेला लागतो. अर्धा स्टार इथंच गेला.

आता चांगलं सांगतो. काउंटरवर कॉलेजातलं वाटणारं एक पोरगं होतं, मी काही विचारायच्या आधीच म्हणालं, "काका, आधी स्कॅन करून बघा मग पैसे द्या." ग्रीन म्हणजे कमी प्रदूषणाच्या फटाक्याच्या बॉक्सवर नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचा लोगो अन् क्यूआर कोड असतो, लोक नुसता हिरवा शिक्का बघून घ्यायलेत, मोबाईल कोणी काढत नाही. मी चार बॉक्स स्कॅन केले, तीन बरोबर निघाले, चौथ्याचं काहीच उघडेना. पोरगं म्हणालं स्टिकर घासलं असंल, अन् निमूटपणे दुसरा काढून दिला. वाद नाही, तोंड वाकडं नाही. दिवाळीच्या गर्दीत एवढं कोण करतं?

घरी आल्यावर चिरंजीव नाराज, कारण त्याला वाटलं होतं ग्रीन म्हणजे हिरवा उजेड पडणार. खरी गंमत अशी की फटाक्यात हिरवा रंग येतो तो बेरियममुळं, अन् बेरियमच्या क्षारांवरच सुप्रीम कोर्टानं बंदी घातलेली. म्हणजे ग्रीन फटाका कुठल्याही रंगाचा असो, हिरवागार दिसला की समजायचं गडबड आहे. हे आठ वर्षाच्या पोराला समजावून सांगता सांगता माझीच वाट लागली.

एक अख्खा स्टार कापला तो मालकासाठी. माझ्या शेजारी एक किराणावाले उभे होते, त्यांनी हळूच विचारलं, "हजाराची लड आहे का?" मालकानं इकडं तिकडं बघितलं अन् टेबलाखालून लाल कागदातली गुंडाळी काढली. लड, म्हणजे एकमेकाला जोडलेल्या फटाक्यांची माळ, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालातच बंद झालीय, २०२१ ला कोर्टानं परत बजावलं. मी बघायलोय हे कळल्यावर मालक म्हणतो, "सगळेच ठेवायलेत साहेब, मी एकट्यानं नाही म्हणून गिऱ्हाईक घालवू का?" त्याचं पण पटतं हो थोडं, दुकानापुढं लड वाजल्याशिवाय पूजा झाल्यासारखी वाटतच नाही आपल्याकडं. पण स्टार तो स्टार.

तेरखेड्याचे तोटे, म्हणजे तिकडचे आवाजाचे फटाके, आहेत का म्हणून विचारलं तर नाही, सगळा माल शिवकाशीचा. लहानपणी मामाच्या गावाला जाताना यष्टी तेरखेड्यावरून जायची, फटाक्याच्या दुकानांच्या पाट्या दिसल्या की आम्ही खिडकीला चिकटायचो. धाराशिव जिल्ह्यात एवढे कारखाने असताना आपल्याच मार्केटात तो माल मिळू नये, असो.

मालाचं म्हणाल तर भुईनळे एक नंबर, पाचातले चार छातीएवढे उडाले, पाचवा नुसता फुसफुसला. भुईचक्र बरे. फुलबाज्या मात्र अर्ध्यातच विझायल्या होत्या. धूर कमी आहे पण आहेच, ग्रीन म्हणजे अगरबत्ती नव्हे. सुतळी बॉम्ब घेतलेच नाहीत, आमच्या मागच्या गल्लीत दवाखाना आहे अन् त्याच्या १०० मीटरच्या आत आवाजाचं काहीच वाजवायचं नसतं. फटाके वाजवायची वेळ रात्री आठ ते दहा, आम्ही पावणेदहाला बादलीत सगळ्या काड्या बुडवून आवरलं. समोरच्या बिल्डिंगवाल्यांचं साडेअकरापर्यंत चालू होतं, त्यात स्टॉलवाल्याचा काय दोष.

पक्कं बिल मागितल्यावर मिळालं, न मागता नाही. अन् पिशवी कागदी दिली, ती गाडीवर येता येता तळातून फाटली, चक्राचं एक पाकीट क्रांती चौकाच्या आसपास पडलं असावं. ज्याला सापडलं असंल त्यानं दहाच्या आत उडवलं म्हणजे झालं.