कंप्रेसरची जागा: खान्देशातले तिन्ही ऋतू बघितल्यावर

अमळनेरला घराच्या मागच्या खोलीत माझं लाकूडकाम चालतं. देव्हारे, छोटी कपाटं, मुलांची अभ्यासाची टेबलं. त्यासाठी 2 एचपीचा, पट्ट्याचा, ऑइलवाला सिंगल फेज कंप्रेसर घेतला, टाकी 100 लिटरची. पिन गन, धूळ उडवायची हवेची गन आणि पॉलिशची छोटी स्प्रे गन, एवढं सगळं त्यावर चालतं. मशीन सात किलो दाबापर्यंत हवा भरतं, कट-ऑफ (दाब पुरा झाला की मोटर आपोआप बंद होणं) वेळेवर होतो, पट्टा अजून ताणावा लागलेला नाही. मशीनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. ते धड चाललं ते जागेमुळे, असं माझं ठाम मत झालंय, म्हणून पुढचं सगळं जागेबद्दल.

मशीनला चाकं आहेत. त्यामुळे पक्का ओटा बांधायच्या आधी खोलीचा कोपरा, जिन्याखालची पोकळी आणि घराबाहेरची पूर्वेची भिंत अशा तिन्ही ठिकाणी ते ठेवून बघितलं. गच्चीचा सल्लाही एक-दोघांनी दिला होता, आवाज वरच्या वर जातो म्हणून. पण एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे स्लॅबवर अनवाणी उभं राहवत नाही, तिथे ऑइलवर चालणारं पंप-हेड (हवा दाबणारा भाग) ठेवणं मला पटलंच नाही.

मुद्दा उष्णतेचा आहे. 2 एचपीची मोटर लाइनमधून दोन किलोवॅटच्या आसपास वीज घेते आणि त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन आजूबाजूला पसरते. म्हणजे खोलीत कंप्रेसर ठेवला की भर उन्हाळ्यात खोलीत हीटर लावल्यासारखंच. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत आजूबाजूच्या हवेची मर्यादा 40 अंश दिलेली असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 च्या पुढे जातो, इकडेही फार वेगळं नाही. मर्यादा सावलीतच ओलांडली जाते, तर वरून स्वतःची गरमी मशीनला परत पाजायची नाही, एवढंच आपल्या हातात उरतं. जिन्याखाली नेमकं तेच होतं. पंपाचं चाक हेच त्याचा पंखा असतं. ते समोरून हवा ओढून हेडवर मारतं, आणि जागा बंदिस्त असेल तर तीच गरम हवा पुन्हा ओढतं. जिन्याखाली अर्ध्या तासाच्या फिनिशिंगच्या कामात मोटरचं थर्मल (जास्त तापल्यावर मोटर बंद करणारा स्विच) पडायचं, पूर्वेच्या भिंतीला ते भर मे महिन्यातही पडलं नाही. पंपाच्या चाकाची बाजू भिंतीपासून फूट-दीड फूट मोकळी सोडलीच पाहिजे. जागा कमी पडते म्हणून ती बाजू भिंतीला चिकटवलेले कंप्रेसर मी बऱ्याच गॅरेजमध्ये बघतो आणि जीव हळहळतो.

पूर्वच का, हे नीट सांगतो. सावलीसाठी सगळे उत्तरेची भिंत सुचवतात. पण अमळनेर 21 अंश अक्षांशावर आहे, कर्कवृत्त आपल्या उत्तरेला. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर उत्तरेच्या भिंतीवर सरळ येतं. पूर्वेच्या भिंतीला ऊन सकाळीच लागतं. दुपारी, जेव्हा खरा त्रास असतो, तेव्हा घराचीच सावली पडते. शिवाय उन्हाळ्यातली झळ आणि पावसाची झोड, दोन्ही आमच्याकडे पश्चिमेच्या अंगाने येतात, म्हणजे पूर्वेला घर आपोआप आडोसा होतं. वर अडीच फुटांचा पत्रा आहे आणि पत्र्यावर वीतभर अंतर सोडून हिरवी नेट ताणली आहे. नुसता पत्रा तापून खाली धग टाकतो, नेटमुळे ती बरीच कमी झाली. पत्र्यावर पऱ्हाट्या टाकायची गावाकडची रीत चांगली आहे, पण मोटरच्या आणि स्विचच्या डोक्यावर वाळकं सरपण मी ठेवणार नाही.

ओट्याचं काम घाईत करू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेला ओटा वर्षभरात कलतो. या मशीनमध्ये ऑइल उडवून आतले भाग भिजवले जातात, त्यामुळे मशीन लेव्हलमध्ये नसेल तर काचेत ऑइल दिसतं एक आणि आत असतं भलतंच. मिस्त्रीकडून दोन फूट काळी माती काढून घेतली, मुरूम ठोकून भरला, मग काँक्रीट. पावसाळा गेल्यावर लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा जागच्या जागी होता. पायांखाली रबरी पॅड आहेत. पाय बोल्टने आवळून धरले की थरथर टाकीच्या वेल्डिंगवर येते, म्हणून आवळलेले नाहीत.

आता पाण्याबद्दल. पॉलिश करणाऱ्याला यातलं सगळ्यात जास्त हेच समजून घ्यावं लागतं. 30 अंशाची, ऑगस्टमधली 80 टक्के दमट हवा घनमीटरला 24 ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊन येते. माझा पंप मिनिटाला साधारण 200 लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला 12 घनमीटर. ती दाबून आठव्या हिश्श्यात बसवली की थंड झाल्यावर बहुतेक पाणी बाहेर पडतं. हिशेब केला तर सलग तासभर चालवल्यावर पाव लिटरच्या आसपास. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण ते सगळं टाकीत पडत नाही. टाकीतली हवा गरम असते, ती वाफ घेऊनच पाइपात शिरते आणि पुढे जिथे थंड होईल तिथे पाणी सोडते. फिल्टर कंप्रेसरला लागूनच बसवला तर वाफ त्यातून सुखरूप निघून जाते आणि थेंब होऊन तुमच्या पॉलिशवर पडते.

कंप्रेसर बाहेर ठेवण्याचा मोठा फायदा इथे मिळाला. भिंतीतून आत आलेली अर्ध्या इंचाची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची) लाइन छताखालून पूर्ण खोलीभर फिरवली, दर मीटरला सेंटीमीटरभर उतार देऊन. शेवटी ती सरळ खाली आणली आणि तळाशी कॉक बसवला. कामाचे पॉइंट पाइपच्या वरच्या बाजूने, वळसा देऊन काढले, खालून नाही. फिल्टर-रेग्युलेटर गनच्या पॉइंटजवळ. कंप्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये हातभर रबरी होज, नाहीतर थरथरीने सांधे सैल होतात. श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, देव्हाऱ्याच्या कळसावर पाण्याचा एकही डाग न पडता पॉलिश झालं. त्या दिवशी या सगळ्या पाइपाचे पैसे वसूल झाले. जीआय आतून गंजते आणि कधीतरी कण सोडते, हे मान्य. गनच्या तोंडाशी छोटा जाळीचा फिल्टर त्यासाठीच आहे. टाकीखालचा कॉक मात्र रोज काम संपल्यावर उघडायचा. पाणी साचलं की टाकी तळातून, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूने कुजते.

जळगाव जिल्हा म्हणजे पीव्हीसी पाइपांचं माहेर. शेतात, घरात, गोदामात तो पडलेलाच असतो आणि पाइपावर सहा किलो, दहा किलो असं छापलेलंही असतं. म्हणून हात जोडून सांगतो, हवेसाठी तो वापरू नका. छापलेला दाब पाण्यासाठी आणि 27 अंशाला धरलेला असतो. उन्हात पीव्हीसीची ताकद झपाट्याने उतरते. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं. हवेचा फुटतो तेव्हा आत दाबून ठेवलेली सगळी ताकद एकदम सुटते आणि धारदार तुकडे उडतात. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने 1988 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. लहान मुलं वावरतात त्या घरात हे कशासाठी ओढवून घ्यायचं?

विजेचं थोडक्यात. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, 50 अँपिअरच्या आसपास. मीटरपासून 20 मीटरवर दीड एमएमची वायर नेली तर त्या क्षणी 24 व्होल्ट वायरीतच जातात, चार एमएमवर नऊच. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की आमच्या भागात व्होल्टेज आधीच खाली असतं, आणि जानेवारीच्या पहाटे ऑइलही घट्ट झालेलं. तेव्हा हा फरक स्पष्ट कळतो: मोटर घुमत बसत नाही, उचलते. वायरमनने दीडची पुरेल म्हटलं होतं, मी चारचीच टाकून घेतली. बाहेरच्या ओलीसाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग लावलं. एमसीबी खोलीत, दाराशेजारी, म्हणजे निघताना बंद करायचं विसरत नाही. नाहीतर एखाद्या सांध्यातून हवा गळत असेल तर रात्री दोनला मशीन आपोआप सुरू होतं.

आवाज हा बाहेर ठेवण्याचा खरा तोटा. माझ्या खोलीत शांतता आली, पण शेजारच्या काकूंच्या अंगणात आवाज गेला. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, पण गल्लीत तेवढं अंतर कुठून आणणार? निवासी भागात नियमाने दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल. काकूंनी सांगितलं, "भाऊ, दुपारले मशीन बंद ठेव, पोऱ्या झोपस." दुपारी एक ते चार मशीन बंदच असतं, तेव्हा रंधा आणि पटाशीची कामं करतो. त्यांच्या बाजूला विटांची छातीएवढी आडभिंत बांधली, मशीनपासून तीन फूट सोडून, त्याने बराच फरक पडला. चारही बाजूंनी पेटी करायचा मोह होतो, पण मग उष्णता परत आलीच.

बाहेर असल्यामुळे फिल्टरकडे लक्ष द्यावं लागतं. लाकडाचा भुसा आता तिथे पोचत नाही, पण कापसाच्या दिवसांत हवेतून येणारं रुईचं तूस फिल्टरवर थर धरतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंभारीण माशी कुठल्याही छोट्या भोकात मातीचं घर करते. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंडही तिने सोडलं नव्हतं. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून हवा सोडायची, हे तेव्हापासून अंगवळणी पडलंय.

ज्यांच्या घराला पूर्वेकडे मोकळी जागाच नाही, त्यांनी उत्तरेला ठेवून पश्चिमेच्या अंगाला एक उभी आडभिंत आणि वर लांब पत्रा द्यावा. आणि खोलीतच ठेवणं भाग असेल तर मशीनच्या डोक्याशी एक्झॉस्ट पंखा, समोरच्या भिंतीला खालून झरोका, आणि पाइप मात्र तसाच पूर्ण खोलीभर फिरवावा.