गिट स्टॅश आणि ऑटोस्टॅश: रोज वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. सकाळी लॅपटॉप उघडला की पहिलं गिट पुल, म्हणजे इतरांचे नवे बदल सर्व्हरवरून आणून आपल्यात मिसळणं, आणि कालचं अर्धवट काम तसंच पडलेलं असलं की हे नेमकं अडून बसतं, लोकल चेंजेस ओव्हरराइट होतील, आधी कमिट करा (बदल नोंदवून टाका) नाहीतर स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा), अबॉर्ट. नवीन पोरं शिव्या घालतात पण खरं तर ते तुमचंच काम वाचवत असतं. त्यातही साधं मर्जवालं (दोन्हीकडचे बदल एकत्र जोडणारं) पुल बरंच समजूतदार, तुम्ही हात लावलेल्या फाइल्स वरून बदलून आल्या नसतील तर गुपचूप होऊन जातं. रिबेसवालं (आलेल्या बदलांवर आपल्या कमिट पुन्हा रचणारं) कडक, एक ओळ इकडची तिकडे झाली असली तरी दारातच उभं करतं.

मी एकदा वैतागून रिसेट --हार्ड (न नोंदवलेले बदल पुसून टाकणारी कमांड) मारलं होतं, सकाळपासूनचं काम गेलं ते गेलंच, कारण साधं गिट ॲडसुद्धा (पुढच्या कमिटसाठी बदल निवडून ठेवणं) केलं नव्हतं, मग गिट तरी कुठून आणून देणार. त्यानंतर स्टॅश, पुल, पॉप (बाजूला ठेवलेलं परत लावणं) हा मंत्र झाला, आणि मग कुणीतरी --ऑटोस्टॅश दाखवलं जे हे तिन्ही स्वतःच करतं. रिबेससाठी ते 2013 पासून आहे, गिटच्या 1.8.4 आवृत्तीत आलं, मर्जवाल्या पुलला मात्र 2020 च्या 2.27 पर्यंत थांबावं लागलं. मी कॉन्फिगमध्ये रिबेस.ऑटोस्टॅश ट्रू करून टाकलंय, विषय संपला. परत लावताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकमेकांना आडवे आले, तरी चेंजेस स्टॅशमध्ये शाबूत राहतात, घाबरायचं नाही.

आता तक्रारी. नव्या, अजून ट्रॅक न केलेल्या फाइल्स स्टॅश उचलतच नाही, -यू द्यावं लागतं आणि ऑटोस्टॅशही त्यांना हात लावत नाही, त्याच नावाची फाइल वरून आली की परत अडकलात. ॲड करून नीट लावून ठेवलेले बदल पॉपनंतर अनस्टेज्ड (ॲड न केल्यासारखे) होऊन येतात, --इंडेक्स आठवलं तर ठीक. आणि स्टॅश लिस्ट म्हणजे आमच्या घरचा माळा, टाकलं की विसरलं, सगळ्यावर एकच लेबल, डब्ल्यूआयपी ऑन मेन (मेन या शाखेवरचं अर्धवट काम), आत काय आहे देव जाणे. स्टॅश पुश -एम लावून नाव द्यायची सवय असेल तरच निभाव लागतो. चुकून ड्रॉप झालं तर गिट एफएससीके (fsck, सुटलेल्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून शोधता येतं, गिटने झाडलोट करायच्या आत.

ऑटोस्टॅशला साडेचार स्टार, स्टॅश लिस्टला दोन. एका दिवसापेक्षा जास्त लांबणारं काम असेल तर मी स्टॅशच्या नादाला लागत नाही, वेगळी ब्रँच (शाखा) काढतो आणि 'अर्धवट, बघू नका' अशी कमिट मारून घरी जातो.