निळा पंप आणि नवा स्पेसर: पाचपैकी चार तारे

दम्यासाठी सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप जुनाच, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, तेवढा नवा घेतलाय. फरक लगेच जाणवला. नुसत्या पंपाने बरंचसं औषध घशातच चिकटायचं, आता ते छातीत उतरतं.

बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पंप ओढला की आत काय चाललंय ते डोळ्यापुढे येतंच. औषधाच्या रेणूला श्वासनलिकेच्या स्नायूपेशीत शिरावंच लागत नाही. तो पेशीपटलावरच्या बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, बाहेरूनच चिकटतो. रिसेप्टरचा आकार बदलतो, आतलं जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावतं, आणि सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्याचे ढीगभर रेणू तयार होतात. मग स्नायू सैलावतो. हे सगळं काही मिनिटांत! याच कुळातल्या रिसेप्टर्सच्या अभ्यासाला २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना.

नंतर हात थरथरतात, कारण तोच रिसेप्टर हाताच्या स्नायूंतही आहे. त्यात स्पेसरचा काय दोष? तारा कापला तो झाकणासाठी. सैल आहे, पर्समध्ये निघून पडतं.

आणि हो, धुतल्यावर फडक्याने पुसू नका. स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीला चिकटतं. नुसतं वाळू द्या.